इंडक्शनच्या दिवशी काय घालायचं? कॉलेजच्या औपचारिक स्वागत समारंभाची तयारी, पायरीपायरीने

कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या संपतात, ॲडमिशन पक्की होते आणि थोड्याच दिवसांत कॉलेजकडून मेसेज येतो: अमुक तारखेला सकाळी इंडक्शन, पालकांसह उपस्थित राहावे, पेहराव फॉर्मल. मग घरात चर्चा सुरू होते. बाबा म्हणतात सूट शिवून टाकू, आई म्हणते दादाच्या लग्नातला ब्लेझर पडूनच आहे, मुलगी विचारते साडी नेसू की कुर्ता घालू. मी कॉलेजात शिकवते आणि अशा समारंभांत नोंदणीच्या टेबलाशी बसत आले आहे. समोरून रांगेने येणारी मुलं पाहून माझं एक मत पक्कं झालंय, तेच आधी सांगते. पैसे कापडाच्या किमतीवर घालू नका. मापावर आणि बुटांवर घाला. साधा शर्ट आणि साधी पँट अंगाला नीट बसली की तो मुलगा व्यवस्थित दिसतो. महागडा पण खांद्यावरून उतरलेला ब्लेझर घातलेला मुलगा दिवसभर ब्लेझरच सावरत राहतो.

आधी त्या दिवशी काय काय होतं ते पाहू, म्हणजे कपड्यांकडून नेमकं काय हवं ते कळेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाने नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची मार्गदर्शक तत्त्वं आणली. तंत्रशिक्षणाच्या कॉलेजांत एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) सूचनेनुसार इंडक्शन काही दिवस चालतं. पहिला दिवस मात्र जवळपास सगळीकडे सारखाच असतो. दीपप्रज्वलन, प्राचार्यांचं भाषण, विभागप्रमुखांची ओळख, अँटी-रॅगिंग समितीची माहिती, पालकांशी संवाद, मग प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाची फेरी. बऱ्याच ठिकाणी ओळखपत्राचा फोटोही त्याच दिवशी काढतात. म्हणजे तीन-चार तास खुर्चीत बसायचं, दोन-तीन मजले चढायचे, फॉर्म भरायचे आणि हे सगळं बहुतेक वेळा ऑगस्ट-सप्टेंबरच्या पावसात. जो पोशाख हे सगळं पेलतो, तो योग्य.

पायरी १: सूचना शब्दशः वाचा

नुसतं ‘फॉर्मल’ लिहिलं असेल तर मुलांनी पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट, बेल्ट आणि बंद बूट. मुलींनी शर्ट-पँट, साधा कुर्ता किंवा साडी. ब्लेझर लागत नाही. ‘बिझनेस फॉर्मल’ लिहिलं असेल (एमबीएच्या कॉलेजांत हे सर्रास असतं) तर ब्लेझर लागतोच आणि मुलांना टायही. ‘ट्रॅडिशनल’ म्हटलं तर कुर्ता-पायजमा, साडी, सलवार-कुर्ता. हॉटेल मॅनेजमेंटची कॉलेजं केस, दाढी, नखं, दागिने यांचे नियम वेगळे छापून देतात आणि त्यात सवलत नसते. वैद्यकीय शाखेचं पुढे वेगळं लिहिलंय.

समजलं नाही तर कॉलेजच्या ऑफिसात फोन करा किंवा संकेतस्थळावरची नोटीस पाहा. सीनियर मुलांनी बनवलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा ‘ड्रेस कोड’ खरा मानू नका. “फर्स्ट इयरवाल्यांनी बेल्ट लावायचा नाही, केसांना तेल लावूनच यायचं” अशी फर्मानं आजही कुठे कुठे निघतात. पेहरावावरून अशी सक्ती करून कुणाला लाजवणं म्हणजे रॅगिंगच. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, आयोगाचे नियम २००९ चे आहेत आणि राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे. तो आजच फोनमध्ये सेव्ह करा.

आणखी एक गोंधळ टाळा. इंडक्शन कॉलेज करतं, फ्रेशर्स पार्टी सीनियर मुलं करतात आणि ती नंतर कधीतरी होते. चमकणारे कपडे, थीम, नाचायला सोयीचं असं सगळं तिथे. दोन्हींसाठी एकच पोशाख शोधायला गेलात तर तो दोन्हीकडे परका वाटेल.

पायरी २: दुकानात जाण्याआधी कपाट उघडा

बारावीच्या निरोप समारंभाचा शर्ट, भावाची पँट, ताईचा कुर्ता, जे असेल ते बाहेर काढा आणि घालून बघा. हातात धरून अंदाज बांधू नका, कारण अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत खांदे आणि उंची दोन्ही बदलतात. कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास कपड्यात मुरलेला असतो. तो एका धुण्यात जाईलच असं नाही. दोन दिवस वाऱ्यावर टाका.

दुसऱ्याचा कपडा आपल्या मापाचा करून घेता येतो, पण सगळाच नाही. पँटची कंबर, उंची, मोहरी (पायाचा खालचा घेर) आणि शर्टाच्या बाजू आवळणं हे शिंप्याचं रोजचं काम. आतल्या शिवणीत कापड सोडलेलं असेल तर कंबर इंच-दीड इंच वाढवूनही मिळते. ब्लेझरचा खांदा मात्र हलवता येत नाही. हलवला तरी इतका खर्च येतो की अर्थ उरत नाही. म्हणून बाबांचा किंवा दादाचा ब्लेझर घालताना आधी खांदा बघा. शिवण तुमच्या खांद्याच्या हाडाच्या टोकाशी संपत असेल तर बाकीचं जमवता येईल. दंडावर उतरत असेल तर तो परत कपाटात ठेवा.

पायरी ३: शर्ट आणि पँट

इथे थोडं थांबते, कारण बहुतेकांचा दिवस याच दोन कपड्यांवर जाणार आहे आणि हेच पुढे तोंडी परीक्षेला, प्रोजेक्टच्या सादरीकरणाला आणि प्लेसमेंटलाही चालणार आहेत.

रंगाचा फार विचार नको. पँट गडद निळी किंवा कोळशासारखी करडी. काळीही चालते, पण तिच्यावर धूळ आणि खडूची भुकटी लगेच दिसते. शर्ट फिकट निळा किंवा पांढरा. दोन्ही शक्य असतील तर मी फिकट निळाच सुचवेन. ओळखपत्राच्या फोटोची पार्श्वभूमी बहुधा पांढरी असते आणि पांढरी कॉलर तिच्यात विरून जाते. तो फोटो चार वर्षं गळ्यात लटकणार आहे. शिवाय पावसात भिजलेला पांढरा शर्ट आरपार दिसतो. काळा शर्ट, चमकणारं सॅटिन, मोठे छाप, कॉलरच्या आत वेगळ्या रंगाची पट्टी हे सगळं नको.

कापडाबद्दल. शंभर टक्के कॉटन अंगाला छान, पण लोकलमधून किंवा एसटीतून उतरेपर्यंत चुरगळतं. लिनन त्याहून जास्त. शर्टाला कॉटनचं प्रमाण अधिक असलेलं टेरिकॉट (पॉलिस्टर-कॉटनचं मिश्र कापड) घ्या. घाम शोषतं आणि इस्त्रीही टिकते. पँटला पॉलिस्टर-व्हिस्कोसचं मिश्र कापड चांगलं. पडतं सुरेख, घडी धरतं आणि मोहरी भिजली तरी पंख्याखाली लवकर वाळते. शिवून घेणार असाल तर दुकानात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. ५८ इंची पन्ह्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टाला साधारण १.६० मीटर आणि पँटला १.२० ते १.३० मीटर कापड लागतं. ३६ इंची पन्हा असेल तर शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर. उंच आणि रुंद बांध्याला थोडं जास्त धरा. पुण्यात लक्ष्मी रोड, मुंबईत दादरचं हिंदमाता किंवा मंगलदास मार्केट, नागपुरात सीताबर्डी, कोल्हापुरात महाद्वार रोड इथे पीस मोजून मिळतो. इचलकरंजी-भिवंडीच्या मागांवरचं बिननावाचं कापडही या कामाला उत्तम. बोटांत घट्ट चुरगाळून सोडा आणि घड्या किती राहतात ते बघा. एवढी एक कसोटी पुरते.

शिंप्याकडे किमान दहा-बारा दिवस आधी जा आणि ट्रायलची तारीख मागून घ्या. गणपतीच्या तोंडावर ब्लाउज-कुर्त्यांची गर्दी असते, त्यामुळे “परवा देतो” याला चार दिवस धरावेत.

रेडीमेड असो की शिवलेलं, आरशासमोर हे तपासा:

- शर्टाची खांद्याची शिवण हाडाच्या टोकाशी. कॉलरचं वरचं बटण लावल्यावर आत दोन बोटं सहज जावीत. तीन जात असतील तर टाय लावल्यावर कॉलर गोळा होईल.
- हात खाली सोडल्यावर बाहीचा कफ मनगटाच्या हाडावर, अंगठ्याच्या मुळाच्या किंचित वर.
- दोन्ही हात डोक्यावर नेल्यावर खोचलेला शर्ट बाहेर येऊ नये. येत असेल तर त्याची उंची कमी आहे; असा शर्ट दिवसभर खोचत बसावा लागतो.
- खुर्चीत बसल्यावर छातीवरची आणि पोटावरची बटणं ताणून फट पडू नये.
- पँट बेल्टशिवाय कमरेवर थांबली पाहिजे. बेल्टने घट्ट आवळून पँट बसवली की कमरेभोवती चुण्या येतात.
- पँटची मोहरी बुटाच्या वरच्या भागाला टेकून एक हलकी घडी पडावी. दोन-तीन घड्या पडत असतील तर उंची कमी करून घ्या. पावसाळ्यात तर अर्धा इंच कमीच बरी.

शेवटचं तर एवढं सोपं आहे तरी सर्वांत जास्त दुर्लक्षित. दुकानातून आणलेली पँट आणली तशीच घालून मुलं येतात, मोहरी टाचेखाली चिखलात. गल्लीतल्या शिंप्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे.

आतला बनियन पांढऱ्या शर्टाखाली पांढरा घातला की त्याच्या कडा ठळक दिसतात. फिकट करडा किंवा कातडीच्या रंगाचा घाला. बेल्ट बुटांच्या रंगाचा, बक्कल लहान आणि साधं. शर्टाची बटणपट्टी, बक्कल आणि पँटची चेन या तिन्ही एका उभ्या रेषेत आल्या की पोशाख आपोआप नीटनेटका दिसतो.

पायरी ४: ब्लेझर आणि टाय, मागितलं असेल तरच

मागितलं नसेल तर घेऊ नका. अठराव्या वर्षी शिवलेला सूट एकविसाव्या वर्षी प्लेसमेंटला होत नाही. लागणारच असेल आणि पुढे नेहमी लागणार नसेल तर लग्नाच्या शेरवान्या-सूट भाड्याने देणारी दुकानं साधे गडद ब्लेझरही देतात. दोन दिवस आधी नेऊन घरी घालून बघा. एमबीएला जाणाऱ्यांना मात्र दोन वर्षं सतत लागतो. त्यांनी एकच, गडद निळा, एकरंगी, दोन बटणांचा घ्यावा. त्यासोबत करडी पँट, की झालं.

नवा ब्लेझर घरी आला की कातरी घेऊन बसा. मागच्या फटीवर फुलीसारखा कच्चा टाका असतो, तो उसवायचा. बाहीवर कंपनीची चिठ्ठी शिवलेली असते, ती काढायची. बाहेरचे खिसे कच्च्या टाक्याने बंद असतात. ते तसेच ठेवले तर खिसे फुगत नाहीत, त्यामुळे मी ते ठेवायलाच सांगते. उभं असताना वरचं बटण लावायचं, खालचं कायम मोकळं; बसताना दोन्ही मोकळी. बाहीतून शर्टाचा कफ साधारण अर्धा इंच दिसावा.

टाय एकरंगी किंवा बारीक तिरप्या रेघांची. बांधल्यावर टोक बेल्टच्या बकलापर्यंत. आठवडाभर आधीपासून रोज एकदा बांधून बघा. पहिल्या दोन-तीन वेळा लांबी चुकतेच. तयार गाठीची रबरी टाय शाळेबरोबर सोडून द्या.

पायरी ५: मुलींसाठी कुर्ता, शर्ट-पँट की साडी

तिन्ही तितकेच औपचारिक आहेत. “मुलींनी साडीच नेसायची” असं लेखी आलं नसेल तर तुम्हाला ज्यात चालता-बसता येतं ते घाला.

शर्ट-पँटला वरची सगळी मापं लागू. मुलींच्या रेडीमेड शर्टांत छातीवरच्या दोन बटणांमध्ये फट पडते. तिथे आतून एक टिचबटण लावून घ्या. पँटला खरे खिसे आहेत का बघा, फोन आणि पेन कुठेतरी ठेवायचंय.

कुर्ता गुडघ्यापर्यंतचा, सरळ कटाचा, एकरंगी किंवा बारीक छापाचा आणि त्याखाली सरळ पँट. पातळ लेगिंग टाळा. बाजूच्या चिरा कमरेपर्यंत चढलेल्या नकोत. फिकट कॉटनला अस्तर लावूनच घ्या. ओढणी घ्यायची तर एका खांद्यावर पिन करून, दोन्ही टोकं मोकळी सोडून नाही. नवी इंडिगो, अजरख किंवा बांधणीची ओढणी असेल तर आधी एकदा धुऊन रंग जातो का ते पाहा, नाहीतर पहिल्याच सरीत तो कुर्त्यावर उतरेल. खणाचं कापड आवडत असेल तर साध्या कुर्त्यावर खणाचं बिनबाह्यांचं जॅकेट फार शोभून दिसतं आणि ओढणीचा प्रश्नच मिटतो.

साडी नेसायची ठरलं असेल तर निदान दहा दिवस आधी ठरवा. आईची पैठणी मनात असेल, पण सकाळच्या सभेला ती जड पडते, जरीकाठ ओला झाला की जपावा लागतो आणि तुम्ही चार तास तिचीच काळजी करत बसाल. हलकी नारायणपेठ, माहेश्वरी, मऊ इरकल किंवा कॉटन-सिल्क मिश्रण घ्या. पहिल्यांदाच नेसत असाल तर सॅटिन आणि जॉर्जेट नको, ती घसरतात. कोरी खळ असलेली कॉटनही नको, ती निऱ्यांपाशी फुगते. फॉल-बिडिंग आधी करून घ्या. ब्लाउज शिवताना मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) फार घट्ट ठेवू नका. हात वर करून फळ्याकडे बोट दाखवता आलं पाहिजे.

नेसण्याचा क्रम असा. आधी चपला किंवा सँडल घाला, मग नेसायला घ्या, नाहीतर उंची चुकते. परकर घोट्यापर्यंत, नाडी घट्ट, कारण साडीचा सगळा भार तिच्यावर असतो. निऱ्या पाच ते सात, सारख्या रुंदीच्या, खोचण्याआधी वर एक पिन. पदराच्या घड्या करून खांद्यावर आतून पिन लावा. मोकळा पदर देखणा दिसतो, पण फॉर्म भरताना, जिना चढताना आणि समईपाशी वाकताना तो सांभाळावा लागतो. तिथे ज्योत उघडी असते, म्हणून पिन केलेलाच बरा. आदल्या रविवारी पूर्ण नेसून घरात दोन तास वावरा: खुर्चीत बसा, दोन जिने चढा, बाथरूमला जाऊन या. कुठे सुटतंय ते घरीच कळलेलं बरं.

दागिने जितके कमी तितकं बरं. कानात लहान काहीतरी आणि घड्याळ पुरेसं आहे. वाजणाऱ्या बांगड्या आणि पैंजण शांत सभागृहात लक्ष वेधतात. टिकली, टिळा, कुंकू, हिजाब, शीख मुलाची पगडी यांतलं काहीही फॉर्मलच्या आड येत नाही. पगडी किंवा हिजाब शर्ट-कुर्त्याला जुळणाऱ्या एकाच रंगाचा घेतला की झालं.

पालकांबद्दल

याला पायरी म्हणत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. वडील सदरा-पायजमा आणि टोपी घालून येणार असतील, आई नऊवारी नेसणार असेल, तर त्यांना “तिथे जरा पँट-शर्ट घाला” असं सांगू नका. त्यांचा तोच औपचारिक पोशाख आहे आणि तो पूर्ण आदराचा आहे. टेबलाच्या आमच्या बाजूला बसलेल्यांपैकी अनेकांचे आईवडीलही असेच आले होते. त्यांना फक्त एवढं सांगा की सभा लांबते आणि एसी असला तर थंडी वाजते, सोबत शाल किंवा स्वेटर असू द्या.

पायरी ६: बूट

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभर चालून पाय किंचित फुगलेले असतात, तेव्हा बसलेलं माप खरं. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मुलांनी काळे, लेसचे, साधे, रबरी तळाचे बूट घ्यावेत. गुळगुळीत चामडी तळ ओल्या फरशीवर घसरतो. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत उंच, बसल्यावर उघडी नडगी दिसू नये. मुलींनी बंद पंप्स किंवा मागे पट्टी असलेली सँडल. टाच हवीच असेल तर रुंद आणि दोन इंचांच्या आत.

नवे बूट घरात आठवडाभर संध्याकाळी तास-तासभर घाला, तेही त्या दिवशी घालायच्याच मोज्यांवर. टाच सोलली तर तिथे आधीच पट्टी लावता येते.

आता जुन्या बुटांविषयी एक सावधगिरी. वर्ष-दोन वर्षं डब्यात ठेवलेल्या बुटांचा पॉलियुरेथेनचा तळ दमट हवेत आतून कुजतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि चालायला लागल्यावर तळ तुकड्या-तुकड्यांनी सुटतो. कोकणात, मुंबईत हे जास्त होतं. म्हणून डब्यातला बूट काढला की अंगठ्याने तळ दाबून पाहा, वाकवून पाहा आणि घालून इमारतीभोवती दोन फेऱ्या मारा. कातड्यावर बुरशीचा पांढरा थर असेल तर कोरड्या फडक्याने घराबाहेर पुसून, सावलीत वाळवून मग पॉलिश.

कुर्ता-पायजम्यावर कोल्हापुरी चप्पल सुंदरच. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पण ते कातडं वनस्पतीच्या सालींनी कमावलेलं असतं आणि पाणी पिऊन फुगतं. आकाश भरून आलं असेल तर ती घरी ठेवा. नवी असेल तर पट्ट्यांना आतून खोबरेल किंवा एरंडेल चोळून चार-पाच दिवस घरात वापरा, मग ती चावत नाही.

पायरी ७: पाऊस आणि प्रवास

माझ्या अनुभवात कपडे चुकलेली मुलं थोडी. बरोबर कपडे रस्त्यात खराब झालेली जास्त. म्हणून प्रवासाचे कपडे आणि समारंभाचे कपडे एकच धरू नका.

पायात पावसाळी चपला किंवा फ्लोटर्स घालून निघा आणि बूट-मोजे प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकमध्ये टाका. पोहोचल्यावर पाय पुसून बूट घाला. पँट दोन घड्या दुमडून वर घ्या. दुचाकीवर असाल तर पँट आणि कोट वेगळा असलेला रेनकोट हवा, लांब एकसंध नाही, त्यात मांड्या भिजतात. लांबून येत असाल तर साध्या कपड्यांत निघा, शर्ट गुंडाळी करून टॉवेलमध्ये आणा आणि कॉलेजात बदला. कुठली खोली मिळेल हे दारावरच्या स्वयंसेवकाला विचारायला संकोच करू नका. सगळ्यात उपयोगाचं म्हणजे अर्धा-पाऊण तास आधी पोहोचणं.

साडी किंवा ओढणी घेऊन दुचाकीवर मागे बसणाऱ्यांनी पदर पूर्ण गुंडाळून कमरेला खोचावा आणि ओढणी सॅकमध्ये ठेवावी. चाकात कापड अडकून होणारे अपघात जिवावर बेततात. साडीगार्ड नसलेल्या गाडीवर साडी नेसून बसूच नका, रिक्षा करा.

वैद्यकीय आणि इतर आरोग्य शाखा: ॲप्रनचा दिवस

एमबीबीएस, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी अशा शाखांत स्वागताच्या दिवशी किंवा त्या आठवड्यात ‘व्हाइट कोट’चा कार्यक्रम असतो. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. अर्नोल्ड गोल्ड यांच्या पुढाकाराने त्याला आजचं रूप मिळालं आणि आता आपल्याकडेही पालकांसमोर शपथ घेऊन ॲप्रन चढवतात.

ॲप्रन कॉलेज देणार की आपण आणायचा, हे आधी विचारा. आणायचा असेल तर पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा, जाडसर कॉटन किंवा टेरिकॉटचा घ्या. खांद्यात बोटभर सैल असू द्या, कारण तो शर्टावर आणि कुर्त्यावर चढवायचा असतो आणि विच्छेदनगृहात वाकून काम करायचं असतं. घेताना दोन घ्या, एक समारंभासाठी आणि एक रोजचा. आदल्या दिवशी धुऊन इस्त्री करा. कोऱ्या कापडाच्या घड्यांच्या रेषा फोटोत ठसठशीत येतात. आत फिकट रंग घाला, गडद रंग आणि छाप पांढऱ्यातून दिसतात. केस बांधलेले, नखं कापलेली, पायात बंद बूट. साडी नेसणार असाल तर पदर खांद्यावर घट्ट घडी करून आत, नाहीतर ॲप्रनखाली त्याचा गोळा होतो.

पायरी ८: आदली रात्र

इस्त्री रात्रीच करा. सकाळी वीज गेली तर अडून बसायला होतं. कॉटन किंचित ओलसर असताना, मिश्र कापड कमी तापमानावर आणि गडद पँट उलटी करून किंवा वर ओलं फडकं टाकून, म्हणजे तिला चमक येत नाही. शर्टाची सगळी बटणं ओढून बघा, सैल असेल ते पुन्हा शिवून पक्कं करा. परीटवाल्याकडून आणलेल्या कपड्यावर खुणेची चिठ्ठी राहिलेली असते, ती काढा. बूट पॉलिश करा. मेणाच्या पॉलिशचे दोन हात मारले तर थोडं पाणी ओघळून जातं.

अत्तर किंवा डिओ कमी. बंद सभागृहात शेजाऱ्याला त्रास होतो. केस दोन-तीन दिवस आधी कापून घ्या, आदल्या दिवशी नाही. दाढी ठेवायची असेल तर कडा नीट करा.

सॅकमध्ये एवढं असू द्या: चार सेफ्टी पिना, सुई-दोरा आणि एक जास्तीचं शर्टाचं बटण, मोज्यांचा दुसरा जोड, लहान टॉवेल, रुमाल, टाचेला लावायच्या पट्ट्या, दोन पेनं, पाण्याची घट्ट झाकणाची बाटली आणि कागदपत्रं प्लास्टिकच्या फाइलमध्ये. छत्रीला वेगळी पिशवी, नाहीतर ओली छत्री मांडीवर घेऊन बसावं लागेल.

नाश्ता कपडे घालण्याआधी. समारंभात चहा-वडा मिळतो. चटणी सांडली तर घासू नका, ओल्या रुमालाने टिपून घ्या आणि घरी गेल्यावर साबण लावा.

समारंभानंतर

संध्याकाळी घरी किंवा होस्टेलवर आल्यावर कपडे गोळा करून टाकू नका. घामाने ओला शर्ट लगेच पाण्यात, पँट उलटी करून हँगरवर, ब्लेझर रात्रभर वाऱ्यावर आणि मगच कव्हरमध्ये. भिजलेल्या बुटांतून लेस आणि आतली पट्टी काढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते दोन-तीन तासांनी बदलत राहा. हेअर ड्रायर, गॅस किंवा कडक ऊन लावू नका, कातडं तडकतं. पूर्ण वाळायला दोन दिवस लागतात, तोवर कॉलेजला दुसरे घाला. साडीच्या सगळ्या पिना मोजून काढा आणि घडी घालण्याआधी ती दोरीवर दमटपणा जाईपर्यंत पसरून ठेवा.